मोजे काढून पाहिलेस का?

३ सप्टेंबर

ताई,

पाकिटावरचा पत्ता वायरलेसवाल्याकडून लिहून घेतला. माझं अक्षर दिसलं असतं तर तू पाकीट उघडलंच नसतंस, हे मला पक्कं माहीत आहे. आता उघडलंच आहेस तर एवढं वाच. फोन तू कापायचीस, मग तर स्वतःचा नंबरच बदलून टाकलास. पत्र कापता येत नाही. फार तर फाडता येतं, आणि फाडायच्या आधी माणूस दोन ओळी वाचतोच.

मी सध्या डोंगरावरच्या एका चौकीवर आहे. आम्ही एकेचाळीस जण. डॉक्टर खाली तळावर, गाडीनं पाच तासांवर. इथे दुखलंखुपलं बघायला मी एकटा, एक पत्र्याची खोली, एक खाट आणि औषधांच्या दोन पेट्या. सगळे मला कंपाउंडर म्हणतात. आधी राग यायचा, आता हाक मारली की वळतो.

प्रशिक्षणात मला काय काय शिकवलं ते तुला तोंडपाठ असेल, कारण दर सुट्टीत मी तुझ्यापुढे फुशारकी मारायचो. वाहतं रक्त कसं थांबवायचं, मोडलेल्या हाडाला आधार कसा द्यायचा, छातीला भोक पडलं तर काय करायचं. तू आरोग्य केंद्राच्या लसींची यादी घेऊन बसलेली असायचीस आणि मी म्हणायचो, तुझं काय, पोरांना सुया टोचायच्या आणि मीठ-साखरेचं पाणी पाजायचं. तू हसायचीस. मला वाटायचं, तुला पटलंय.

तर आता तू हसशील असं सांगतो. इथे येऊन पाच आठवडे झाले, एकही गोळी सुटलेली नाही. माझ्या वहीत काय आहे? दाढदुखी सहा. टाचांच्या भेगा अकरा. खरूज चार. एकाला बायकोची आठवण येते, तो म्हणतो छातीत दुखतंय. आणि जुलाब. सोमवारी दोन, मंगळवारी पाच, आज चौदा. रक्त थांबवायचे पट्टे पेटीत कोरे करकरीत पडलेत.

जुलाब थांबवायच्या गोळ्या दिल्या. जुलाब थांबले आणि पोटं फुगली. डॉक्टर वायरलेसवर म्हणाले, पाणी पाजत राहा आणि कारण शोध. आता कारण कुठे शोधू? पाणी टाकीतलं, आणि त्या टाकीत मी रोज पहाटे स्वतःच्या हातानं शुद्धीकरणाच्या गोळ्या टाकतो. मग मी स्वयंपाक्याच्या मागे लागलो. त्याची नखं बघितली, भांडी हुंगली. आज त्यानं माझ्या ताटात डाव असा आपटला की आमटी कॉलरपर्यंत उडाली.

आईचं अर्धं पाऊल कापलं त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात, बाबांसमोर आणि मावशीसमोर, मी तुला जे बोललो ते रागाच्या भरात बोललो. तेव्हापासून तू आई-बाबांच्या घराची पायरी चढली नाहीस. तीन वर्षं झाली. ते विसर असं म्हणायला मला तोंड नाही. पण या चौदा जणांनी तुझं काही वाकडं केलेलं नाही. त्यांच्यासाठी तरी सांग. तू इथे असतीस तर आधी काय बघितलं असतंस?

छोट्या


२१ सप्टेंबर

ताई,

शिध्याच्या गाडीतून तुझं पत्र आलं. वरती काही नाही, खाली सही नाही, मध्ये सहा ओळी. मी त्या उभ्यानंच वाचल्या, मग खाटेवर बसून पुन्हा वाचल्या. शिवी एकही नाही म्हणून जरा धाकधूकच वाटली.

तुझा पहिलाच प्रश्न वर्मी लागला. "गोळी टाकल्यावर पाणी किती वेळ थांबतं?" अगं, थांबतच नव्हतं. आमच्याकडे सगळं शिट्टीवर चालतं. साडेपाचला मी टाकीत गोळ्या टाकायचो, लगेच शिट्टी फुंकायचो, आणि सगळे रांगेनं बाटल्या भरून घ्यायचे. गोळीला काम करायला अर्धा तास लागतो हे तिच्या पाकिटावर छापलेलं आहे. मी ते रोज फाडून फेकत होतो आणि स्वयंपाक्याची नखं बघत होतो.

आता गोळ्या साडेपाचला आणि शिट्टी सव्वासहाला. टाकीच्या झाकणाला कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात. शौचालयाबाहेर साबण जुन्या मोज्यात घालून टांगलाय, म्हणजे कुणी उचलून नेत नाही. जुलाबाच्या गोळ्या बंद. लिटरभर उकळलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, तू लिहिलंस तसं चमच्यावरून बोट फिरवून. ज्या कामाला मी हसायचो ते आता दिवसभर करतोय. बादली घेऊन खोल्या-खोल्यांतून फिरतो.

"लघवी किती वेळा झाली ते लिहून ठेव," असं तू लिहिलंस. पहिल्या दिवशी विचारलं तर सगळे खो-खो हसले. आता मी लांबून दिसलो तरी मैदानाच्या त्या टोकावरून बोटं वर करून दाखवतात, तीन, चार. एक दिवस साहेबांनीही सवयीनं दोन बोटं वर केली आणि मग खाली घेतली.

तुझं पत्र येईपर्यंत चौदाचे सव्वीस झाले होते. काल दोन होते. आज एकही नाही.

स्वयंपाक्याची माफी मागितली. तो म्हणाला, माफी राहू दे, चौकीवर सगळ्यांना सांग. सांगितलं. जेवणाच्या वेळी उभं राहून सांगितलं की पाणी माझ्यामुळे खराब होतं, त्याचा काही दोष नव्हता. वाटलं तेवढं जड गेलं नाही. सोपी चूक होती ना.

आता टाचांच्या भेगांचं सांग. आणि तुझ्या केंद्रावर अजून तेच गळकं बेसिन आहे का? एवढं तरी कळव.

छोट्या


९ ऑक्टोबर

ताई,

या वेळी पूर्ण पान! आणि बेसिन बदललं हेही कळलं. सही नाही ती नाहीच, पण मी मोजून बघितलं, बावीस ओळी आहेत.

तू लिहिलंस, "मोजे काढायला लाव. बोटांच्या मधे बघ. तळवा स्वतःच्या हातानं चाचप. दुखतं का एवढं विचारून पुढे जाऊ नकोस. ज्याचं दुखत नाही त्याचा पाय जास्त बघ."

पायांची तपासणी आमच्याकडे होतीच, पण ती कशी? सगळे रांगेत, मी शिपायाच्या चालीनं समोरून जाणार, "काही त्रास?" "नाही." पुढे. आता रोज सकाळी सगळे बाकांवर पाय पसरून बसतात आणि मी स्टूल घेऊन एकेकापुढे. पहिल्या दिवशी वासानं माझे डोळे भरून आले. भेगा निम्म्या झाल्या. पाय धुवायचे, बोटांच्या मधलं कोरडं करायचं, रोज मोजे बदलायचे, एवढंच. यात औषध काही नाही म्हणून हे मला कुणी औषध म्हणून शिकवलंच नव्हतं.

भांडारातला हवालदार आहे, पन्नाशीला आलेला. तो कधीच तक्रार करायचा नाही म्हणून मी त्याच्यापुढे थांबायचोही नाही. तुझं पत्र वाचून त्याचा मोजा काढला. तळव्यात बुटाचा खिळा घुसून जखम झालेली, आणि गड्याला पत्ताच नाही. मी बोटानं दाबलं तरी तो माझ्याशी पगारवाढीबद्दल बोलत होता. साखर तपासली तर भलतीच वाढलेली. दुसऱ्या दिवशी त्याला खाली पाठवलं. काल डॉक्टरांनी वायरलेसवरून सांगितलं, आठ दिवस उशीर झाला असता तर पाय गेला असता. कुणी शिकवलं तुला, असं विचारलं. मी म्हटलं, माझ्या बहिणीनं. साहेबांनी तो निरोप दोनदा वाचून दाखवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी पेटी आवरायच्या निमित्तानं आत गेलो.

आईच्या पायाचंही असंच होतं. साखरेमुळे तिला कळलं नाही. फोडावर तिनं आपली आपणच पट्टी लावली, आठ दिवस मोजा काढला नाही आणि तशीच चालत राहिली, हे सगळ्या घराला माहीत आहे.

याखाली चार ओळी खोडल्यात. उजेडात धरून वाचायचा प्रयत्न करू नकोस.

छोट्या


१७ ऑक्टोबर

ताई,

हे पत्र पोचेपर्यंत तुला सगळं कळलेलं असेल. तरी लिहितो, कारण ते तुला माझ्या हातचं मिळायला हवं.

आज दुपारी गाडीतून बाबांचं पत्र आलं, आठ तारखेचं. आईनं दुसरा पाय गरम पाण्यात बुडवला. पाणी किती गरम आहे ते तिला कळलं नाही, आणि तळव्याला मोठा फोड आला. बाबा लिहितात, "तुझी आई म्हणते की फोडाचं छोट्याला चांगलं कळतं. काय लावू ते कळव."

 ताई, तेव्हा आईनं पट्टी लावलीच नव्हती. ती मी लावली होती.

त्या सुट्टीच्या शेवटच्या दिवशी तिनं मला फोड दाखवला होता. नव्या चपलेचा. म्हणाली, ताईनं बघितलाय, चालू नको म्हणते, उद्या केंद्रावर ये म्हणते. मी हसलो. आमच्याकडे असले फोड दिवसाला वीस येतात. सुईनं पाणी काढायचं, वरून चिकटपट्टी घट्ट ओढून लावायची आणि जवानाला म्हणायचं, चल. तो चालतो. तसंच आईचं केलं. तिला साखर आहे हे मला माहीत होतं, पण तो फोड बघताना मला फक्त फोड दिसला. वर तिला म्हणालो, ताईचं ऐकत बसशील तर महिनाभर खाटेवर पडून राहशील, मोजा घाल आणि चालत राहा, पट्टीला हात लावू नको. तिनं माझं ऐकलं. तू आलीस तेव्हा तिनं तुला पायाला हात लावू दिला नाही, तो माझ्या सांगण्यावरून.

मग दवाखान्यातून तार आल्यासारखा फोन आला आणि मी धावत आलो. पट्टी काढल्यावर खाली काय निघालं ते तू पाहिलंस. डॉक्टरांनी विचारलं, ही कुणी लावली? माझ्या आधी आई म्हणाली, मीच. मी तिच्याकडे बघितलं, तिनं मान वळवली. तिथून मी बाहेर व्हरांड्यात आलो आणि तुला म्हणालो, "दोन गल्ल्यांवर राहतेस, नर्स आहेस आणि सख्ख्या आईचा पाय तुला दिसला नाही?"

रागाच्या भरात नाही बोललो. घाबरून बोललो. कुणी माझ्याकडे बघायच्या आत सगळ्यांनी तुझ्याकडे बघावं म्हणून बोललो. आणि सगळ्यांनी बघितलं.

बाबांचं पत्र नऊ दिवस जुनं. मी साहेबांकडे गेलो, आताच्या आता फोन पाहिजे म्हणालो. आज शुक्रवार, घरी तीन-तीन मिनिटं बोलायची पाळी. वायरलेसच्या खोलीबाहेर अकरा जण रांगेत होते. साहेबांनी मला पुढे घातलं. हँडसेट बिघडल्यापासून तिथे सगळं स्पीकरवर चालतं, आणि खोलीला दार नाही.

आधी तुझा जुना नंबर लावला. अर्थात बंद. मग बाबांना लावला. काही लावू नका, फोड फोडू नका, आईला एक पाऊलही टाकू देऊ नका आणि आत्ता ताईला बोलवा, असं एका दमात सांगितलं. बाबा म्हणाले, तिला कशाला? मागच्या वेळी तिचं लक्ष असतं तर ही वेळ आली नसती. तू सांग, आम्ही करतो.

मग मी सांगितलं. वर लिहिलंय ते सगळं, अकरा जणांच्या देखत. 

बाबांनी एकच विचारलं. 

"तीन वर्षं गप्प का होतास?"

"भीती वाटत होती, बाबा."

"आणि तुझ्या आईला माहीत होतं."

"हो."

 मग त्यांनी विचारलं, मी बोलावलं तर ती येईल का. मी म्हटलं, निरोप धाडू नका, स्वतः जा. त्यांनी फोन ठेवला. माझी तीन मिनिटं कधीच उलटली होती, कुणी घड्याळ दाखवलं नाही.

ताई, तुझ्याकडे माफी मागायची हिंमत आज नाही. आईचा पाय तेवढा बघ. तिथे जायला तुझं मन तयार होणार नाही, कळतं मला. तरी जा.

छोट्या


३० ऑक्टोबर

ताई,

तुझ्याकडून काही नाही. बाबांकडूनही नाही. गेल्या शुक्रवारी माझी पाळी आली तेव्हा घरचा फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. मी त्यातून हजार अर्थ काढले, सगळे वाईट.

इथलं सांगतो. त्या फोननंतर दुसऱ्या दिवशी सकाळी स्टूल घेऊन मैदानात जायला पाय उचलेना. वाटलं, ज्यानं आपल्या आईचं असं केलं त्याच्यापुढे आता पाय कोण पसरणार. गेलो तर सगळे बसलेले, मोजे आधीच काढून.  स्वयंपाकी कधी तपासणीला यायचा नाही, तोही पीठ लागलेल्या हातांनी शेवटच्या बाकावर बसला होता. त्याच्या अंगठ्याचं नख मांसात रुतलेलं निघालं. दोन महिने लंगडत होता म्हणे, आणि मी त्याची हाताची नखं बघत होतो.

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. मला वाटलं, आता पेटी काढून घेणार. ते म्हणाले, खाली तळावर नव्या पोरांची तुकडी आलीय, औषधपाण्याचं शिकायला. त्यांना रक्त थांबवायचं शिकवणारे खूप आहेत. पाणी, साबण, पाय, साखर, ताप, हे शिकवणारा नाही. तू शिकव. मी म्हटलं, साहेब, तुम्ही काल ऐकलंत ना मी काय केलं ते? ते म्हणाले, ऐकलं म्हणूनच सांगतोय.

पहिला तास घेतला. सुरुवात आईच्या पायानं केली. पट्टी कुणी लावली तेही सांगितलं. एकानं विचारलं, मग तुमच्या बहिणीचं काय झालं? मी फळा पुसायला लागलो.

आईचा पाय कसा आहे, एवढं एक वाक्य लिही. बाकी काही लिहू नकोस हवं तर.

छोट्या


१९ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र मिळालं. सही आहे. मी आधी शेवटचं पान उघडून तेच बघितलं.

बाबा दुसऱ्याच दिवशी केंद्रावर आले, रांगेत बसले, इतर पेशंटसारखा नंबर घेतला, तेविसावा, आणि दीड तास थांबले, हे वाचून मला हुंदका आवरला नाही. तू मान वर न करता नंबर पुकारलास आणि समोर बाबा. तू विचारलंस, काय होतंय? आणि ते म्हणाले, "मला काही होत नाही. माझं चुकलं." बाबा, आपले बाबा, भरल्या केंद्रात. मी ते पत्र वायरलेसवाल्याला वाचायला दिलं, कारण त्या दिवशी बाबांचा आवाज त्यानंही ऐकला होता.

फोडात पू झाला होता, ताप होता, आणि तू आईला त्याच दुपारी दवाखान्यात नेलंस. म्हणून घरी फोन कुणी उचलत नव्हतं. आठ दिवस सलाइन, मग तू रोज दोनदा ड्रेसिंग केलंस, एकूण चोवीस दिवस तिला जमिनीवर पाऊल टाकू दिलं नाहीस. जखम भरली. पाऊल शाबूत आहे. हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

आणि मग तू ते लिहिलंस. ड्रेसिंग करताना तू आईला विचारलंस, छोट्यासाठी खोटं का बोललीस. आई म्हणाली, तो लांब असतो, त्याच्या जिवाला लागलं असतं, तू जवळ होतीस, तू सोसलं असतंस. तू लिहितेस, "छोट्या, तुझ्या पट्टीपेक्षा मला हे जास्त लागलं.  ड्रेसिंग पूर्ण केलं, हात धुतले आणि मग रडले."

 तीन वर्षं मी समजत होतो की माझं एक वाक्य तुला लागलंय. आईचं गप्प राहणंही तुझ्याच वाट्याला आलं, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. आई चुकली, ताई. माझ्यासाठी चुकली, पण चुकली. तिला हे मी सांगेन, तू सांगू नकोस.

शेवटी तू लिहितेस, "माझा राग गेलेला नाही. जाईल असं वचन देत नाही. पण पत्रातून भांडायला मला जमत नाही. सुट्टी काढ आणि समोर ये."

सुट्टी मंजूर झाली. वीस दिवस. तळावरच्या पोरांतला एक जण माझ्या जागी इथे राहील, त्याची मी कसून परीक्षा घेतलीय. बाबांना कळवलंय की पाच तारखेला मावशीला घरी बोलवा. व्हरांड्यात जे जे होते त्यांच्यासमोर मला बोलायचंय, आणि मध्ये कुणी, आईनंसुद्धा, माझी बाजू घ्यायची नाही. पण त्याच्या आदल्या दिवशी मी घरी जाणार नाही. सरळ तुझ्याकडे येणार आहे.

यापुढे माझ्या वाट्याचं काही सोसू नकोस. चार तारखेला दुपारी पोचतो. दार उघड आणि सुरुवात कर.

छोट्या